पोटातल्या लेकीचं ऑपरेशन आणि मी काढून घेतलेलं पान

अन्याय झाला तो सुजातावर. गणपती बसायच्या आदल्या मंगळवारी, दुपारी पावणेचार वाजता, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा तिला नाव नव्हतं. वीस आठवडे पुरे व्हायला एक दिवस होता, अंगानं ती वीतभर होती, आणि तिच्या पोटात सुई घालायची परवानगी देणाऱ्या कागदावर तीन मोठी माणसं सह्या करत होती. त्यातली दोन माणसं एका मुलासाठी सही करत होती. असा मुलगा कुठेच नव्हता. तिसरीला शंका होती आणि ती गप्प बसली.

तिसरी मी. सुजाताची आई.

हे लिहितेय ते ज्यांच्या पोटातल्या बाळात काहीतरी ‘सापडलंय’ अशा बायकांसाठी. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी, त्यांच्यासाठी जरा जास्तच. धीराचे शब्द हवे असतील तर हॉस्पिटलच्या लॉबीत फ्रेम करून लावलेले असतात. ते तिथेच वाचा.

कप

माझं माहेर येरवड्याचं. तिथे तुरुंग आणि मनोरुग्णालय, म्हणून हे सांगितलं की पुण्यात समोरचा हसून विचारतो, “जेलचं की मेंटलचं?” वडील पोस्टात होते, आई बालवाडी चालवायची. घरात बुद्धाची मूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. कॉलेज संपल्यावर मी बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका गटात गेले. ‘गट’ म्हणजे पाच बायका आणि नारायण पेठेत एका छापखान्यावरची दीड खोली. पत्रकं लिहायची, घड्या घालायच्या, बसस्टॉपवर वाटायची. गर्भलिंग तपासणीच्या विरोधातलं पत्रक माझं. ‘सहीआधी वाचा’ हेही माझंच. त्यात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: बाई सज्ञान असेल तर तिच्या शरीरावरच्या उपचाराला तिचीच संमती लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच.

नितीन शनिवारी घड्या घालायला यायचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घ्यायचा. त्याचं गाव महापालिकेत गेलं, त्यांच्या ज्वारीच्या रानात काचेची इमारत उभी राहिली, दाराशी दोन गाड्या आल्या. मी बौद्ध, तो त्या घरातला. लग्न रजिस्टर झालं. भांडण, आदळआपट काही नाही. नितीनच्या आईला घरात सगळे आत्या म्हणतात, मीही म्हणायला लागले.

तीन वर्षं आत्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. ‘नको’ कधीच म्हणाल्या नाहीत. मी सगळ्यांचे कप भरून ट्रे ठेवायचे. सगळे आपापला उचलायचे, आत्यांचा राहायचा. वर साय धरायची. मग त्या उठायच्या आणि वेगळ्या पातेल्यात स्वतःपुरता टाकायच्या. “मला गारढोण नाय चालत,” एवढंच.

नितीन म्हणायचा, “इग्नोर कर ना.”

रोज एक कप इग्नोर करायचा आणि मोरीत ओतायचा.

बोर्डाखाली

एकोणीस आठवडे झाले तेव्हाची सोनोग्राफी. वार बुधवार. भिंतीवर बोर्ड होता: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. त्या बोर्डाखाली बसून मला दरवेळी बरं वाटायचं. आमच्यासारख्यांनी उन्हात उभं राहून, दारं आपटून घेऊन मिळवलेली गोष्ट. बाळ मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, या कागदावर मी अगदी ऐटीत सही केली.

सोनोग्राफीवाल्या मॅडम आधी बोलत होत्या. हे डोकं, हा पाय. मग बोलायच्या थांबल्या. ज्या बाईनं हे अनुभवलंय तिला ही शांतता ओळखू येईल. फक्त बटणांचा टकटक आवाज आणि पोटावरचं गार जेल.

डॉक्टरांनी आत बोलावलं. मला आणि नितीनला. डॉक्टर बोलायला नीट होते, हे आधी लिहून ठेवते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. बाळाची लघवी बाहेर पडत नाहीये. मूत्राशय फुग्यासारखं फुगलंय. गर्भाशयातलं पाणी म्हणजे बहुतेक बाळाचीच लघवी असते, ती येत नाही म्हणून पाणी नाही, आणि पाणी नसलं तर फुप्फुसं वाढत नाहीत.

“म्हणजे?” नितीन.

“म्हणजे काहीच केलं नाही, तर बहुधा वाचणार नाही. दुसरा रस्ता, गर्भपात. त्याला कायद्यानं वीस आठवडे, म्हणजे तुमच्या हातात एक आठवडा. तिसरा, पोटातच बाळाच्या मूत्राशयात एक नळी बसवून लघवीला वाट करून द्यायची. वाचेल याची खात्री नाही. वाचलं तर मूत्रपिंडं किती चालतील याचीही नाही. आणि धोका आईलाही आहे.”

तेव्हा कायद्यात मुदत वीस आठवड्यांचीच होती. मी विचारलं, “हे झालं कशानं?”

“नक्की कारण जन्मानंतरच कळतं. पाणी नसल्यामुळे चित्रही धूसर आहे.”

घरी आत्यांनी ऐकून घेतलं, शेंगा फोडता फोडता. “नासलेलं दूध तापवत बसू नये,” म्हणाल्या. “मोकळी कर तिला, नितीन. सोमवारचं बघ.”

‘तिला’ म्हणजे मला. मी समोरच बसले होते.

गर्भपात हा बाईचा हक्क आहे, हे मी पुण्यातल्या किती भिंतींवर रंगवलंय याचा हिशोब नाही. आजही रंगवीन. पण हक्क माझा असेल तर तारीख आत्यांनी कशी काय ठरवली? मला ते बाळ हवं होतं. का, ते विचारू नका. हवं असण्याला कारण लागत नाही. नको असण्यालाही लागत नाही, हे आम्हीच तर शिकवतो. पण बुधवार, गुरुवार, कोणी मला विचारलं नाही. आणि पत्रकांमधून आख्ख्या शहराला खडसावणारी मी त्या घरात तोंड उघडू शकले नाही.

शुक्रवार संध्याकाळ

नितीन ऑफिसातून आला तो चपला न काढताच आत आला. हातात तीन पानं, ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेली, कोपऱ्यात पिन मारलेली.

“आई, ऐक. हा जो प्रॉब्लेम आहे ना, हा मुलग्यांना होतो.”

आत्यांच्या हातातली सुपली थांबली. “मंजी?”

“म्हणजे मुलग्यांच्याच मूत्रमार्गात पडदा असतो एक. हे बघ, इथे लिहिलंय. ऑलमोस्ट ऑलवेज मेल.”

“मराठीत सांग रं.”

“मुलगा आहे, आई.”

बोर्डाखाली कोणी काही बोललं नव्हतं. कायदा मोडला नव्हता. रोगाचं नाव टाइप केलं आणि यंत्रानं उत्तर दिलं.

“ते नळीचं काय म्हणत व्हते डाक्टर?” आत्यांनी विचारलं.

“रिस्की आहे.”

“रिस्क तर रस्त्यावर बी हाय. करायचं. सोमवारचं रद्द कर.” मग माझ्याकडे वळल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा नाव घेऊन म्हणाल्या, “प्रज्ञा, च्या टाक. मलाबी.”

मी चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली. आत्यांनी कप उचलला, फुंकर मारली, प्यायल्या. रिकामा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, “गोड झालाय.”

मी कप विसळायला मोरीशी गेले आणि रडले. आनंदानं रडले, हे लिहायला लाज वाटते. म्हणूनच लिहितेय.

तिसरं पान

शनिवारी सकाळी घरात कोणी नव्हतं. मी ती पानं वाचली. सवय आहे. हातात कागद आला की मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

‘बहुतेक नेहमी’ असं होतं. ‘फक्त’ असं कुठेच नव्हतं. आणि तिसऱ्या पानावर, अर्ध्याच्या खाली, एक परिच्छेद होता. मुलींमध्येही हा अडथळा आढळतो, क्वचित. तेव्हा कारण वेगळं असतं आणि जास्त गंभीर असतं. कित्येकदा मूत्रमार्गच तयार झालेला नसतो. नळी बसवली तरी पुढे शस्त्रक्रियांची रांग असते.

पगार घेऊन चुका शोधणाऱ्या माणसानं हे पान छापलं होतं आणि वाचलं नव्हतं. त्याला हवं ते पहिल्याच पानावर मिळालं होतं.

आता मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. संध्याकाळी सगळ्यांना बसवायचं आणि वाचून दाखवायचं. पण मला त्याचा शेवटही माहीत होता. ‘नक्की नाय ना? मग सोमवारचंच ठेव.’

मी पिन तशीच ठेवून तिसरं पान ओढून काढलं. पिनेत कागदाचा त्रिकोणी तुकडा अडकून राहिला. पान घडी घालून पत्रकांच्या पिशवीत टाकलं, ‘सहीआधी वाचा’च्या गठ्ठ्यात.

इतकी वर्षं लोकांच्या हातात कागद कोंबणाऱ्या बाईनं एक कागद लपवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन पानांचं कोणी काही विचारतं का?

पावणेचार

सोमवारी सुईनं बाळाची लघवी काढून तपासली. मूत्रपिंडं अजून काम करत होती. मंगळवारी सह्या.

फॉर्म इंग्रजीत. सात पानं. खाली तीन रकाने: पेशंट, पती, ज्येष्ठ नातेवाईक. मी विचारलं, “ज्येष्ठ नातेवाईक कशाला?” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, नंतर घरच्यांचा इश्यू नको.” म्हणजे कागद हॉस्पिटलच्या बचावासाठी होता. माझ्या पोटाशी त्याचा संबंध फक्त पत्त्यापुरता.

डॉक्टर मात्र सह्यांच्या आधी म्हणाले, आणि अगदी सावकाश म्हणाले, “एक गोष्ट. कारण काय आहे हे मला माहीत नाही. मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही कुठलाही अंदाज धरून सही करू नका.”

आत्यांनी मान डोलावली. लिफ्टपाशी आल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. “बगितलंस? डाक्टरला तसं म्हणावंच लागतं. कायदा हाय ना. नसता मुलगा तर एवढं कशाला म्हणाला असता?”

‘नाही’ म्हटलं की ‘हो’ ऐकायचं, हे या शहराच्या हाडात मुरलंय. आम्ही पंधरा वर्षं बोर्ड लावले आणि लोक बोर्डाच्या मागे वाचायला शिकले.

लिफ्टपाशी येण्याआधीच सह्या झाल्या होत्या. आधी नितीननं केली. आत्यांनी केली, अक्षर जुळवत. मग मी. सात पानं होती, मी एकही उलटलं नाही. घड्याळ समोर होतं, म्हणून वेळ पाठ आहे.

सुई

तुम्ही जाग्या असता. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पोट बधिर करतात, हातात झोपेचं थोडंसं औषध देतात, पण आवाज सगळे ऐकू येतात. पडद्यावर धुकं. खोलीत आठनऊ लोक, त्यातले चार बघायला आलेले. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. मी विचारलं, “हे कशासाठी?” उत्तर आलं, “टीचिंगसाठी, रिलॅक्स.” त्याची परवानगी त्या सात पानांत कुठेतरी असणार. मी न वाचलेल्या.

आधी बाळाला इंजेक्शन. बाळ हललं तर सुई चुकेल, म्हणून त्याच्या मांडीत औषध. ते मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आदल्या आठवड्यापासून आत काहीतरी फडफडायला लागलं होतं, मासोळी वळावी तसं. इंजेक्शननंतर ते थांबलं. मी ओरडले, “हलत नाहीये.”

“त्यानं हलायचंच नाहीये, मॅडम. आपणही हलू नका.”

मग जाड सुई, आणि तिच्यातून शेवयाएवढी नळी. एक टोक बाळाच्या मूत्राशयात, एक बाहेर, पाणी जमायला हवं त्या जागेत. दुखलं नाही. दाब आला, कोणी पोटावर गुडघा ठेवावा तसा. बाहेर माझा नवरा डॉक्टरांचे आभार मानत होता. आत दोन पेशंट होते. एकीला कोणी विचारलं नव्हतं, दुसरीला विचारता येत नव्हतं.

दोन तासांनी मासोळी पुन्हा वळली. ते दोन तास मी माझ्या शत्रूलाही देणार नाही.

सहाचे ठोके

त्यानंतर हॉस्पिटलच घर झालं. सकाळी सहाला सिस्टर यायची, पोटावर यंत्र लावायची, ठोके शोधायची. ठोके सापडेपर्यंत मी छतावरचा एक ओला डाग मोजत बसायचे, त्याला सात कोपरे होते. मग चहा, राउंड, पाण्याची मोजणी. वॉर्डात माझं नाव ‘नळीवाली’. सफाईच्या मावशी एकट्याच मला विचारायच्या, “बाई, तुमी जेवलात का?” बाकी सगळे बाळानं काय केलं ते विचारायचे. त्याच मावशींनी एका रविवारी न सांगता माझे गुंतलेले केस सोडवून दिले, तासभर. औषधांची नावं विसरले, तो तास नाही विसरले.

अकराव्या दिवशी नळी निघाली. बाळानंच ओढून काढली असावी, डॉक्टर म्हणाले. आत्या खूश. “उपसली! पैलवान हाय!” पुन्हा सुई, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा ते दोन तास. त्यानंतर मला ताप भरला, आठ दिवस. दात वाजायचे, अंथरूण भिजायचं. डॉक्टर नितीनला बाजूला घेऊन म्हणाले की ताप उतरला नाही तर आईसाठी सगळं थांबवावं लागेल. नितीननं ते आत्यांना सांगितलं. आत्या माझ्या कॉटपाशी येऊन म्हणाल्या, “सोस गं बाय. थोडं सोस.”

त्याच आठवड्यात एका पेपरात फोटो आला. मध्ये डॉक्टर, एका बाजूला नितीन, दुसऱ्या बाजूला आत्या, नवी साडी नेसून. खाली ‘धाडसी कुटुंब’. मी तापात होते, म्हणून फोटोत नव्हते. माझ्या पोटाचं मात्र वर्णन होतं.

आईचा डबा

माझी आई येरवड्याहून दोन बस बदलून यायची. मी तिला तिसऱ्या पानाचं सांगितलं. तिनं संत्रं सोलायला घेतलं.

“त्या बाईला सांगून टाक,” म्हणाली.

“काय सांगू? मलाच माहीत नाही.”

“तेच सांग. की माहीत नाही.”

“आता काय उपयोग आई? नळी बसलीय. वीस आठवडेही उलटलेत, आता कोणी पाडायला लावू शकत नाही.”

“मग तर सांगायला काहीच हरकत नाही. गप्प कशाला बसलीस?”

खरं उत्तर हे होतं: आत्या रोज नाचणीची खीर आणत होत्या. स्वतःच्या हातानं भरवत होत्या. माझ्या उष्ट्या चमच्यानं चव बघत होत्या. त्यांनी खंडोबाला नवस बोलला होता आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला होता, आणि मी तो पुसला नव्हता. पान काढलं ते बाळासाठी, असं मी म्हणू शकते. गप्प राहिले ते माझ्यासाठी. मला त्या हाताची सवय झाली होती.

आईनं संत्र्याची फोड माझ्या तोंडात घातली. “बघ बाई,” म्हणाली. “जन्मल्यावर लपवता नाही येणार.”

“मग एवढं कशाला केलं?”

तेहेतिसाव्या आठवड्यात पाणी गेलं. पोट कापून काढलं. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन होतं. सिस्टर केरळची, तिचं मराठी तोडकं. ती म्हणाली, “मोलगी. क्राय केला. छान क्राय केला.”

रडली. म्हणजे फुप्फुसं होती. म्हणजे नळीनं तिचं काम केलं होतं. मला हे ठासून सांगायचंय: शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्या दिवशी जे फसलं ते ऑपरेशन नव्हतं.

डॉक्टर बाहेर गेले, घरच्यांना सांगितलं. मूत्रमार्ग तयार झालेला नाही, पोटातून वाट काढावी लागेल, पण बाळ जिवंत आहे, श्वास घेतंय. पुढचं मला नितीननं सांगितलं, नंतर, भांडताना.

आत्यांनी विचारलं, “पोरगा ना?”

“मुलगी आहे.”

आत्या ओरडल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात, दुकानात चुकीची वस्तू निघाल्यावर विचारतात तसं विचारलं, “मग एवढं कशाला केलं?”

“मी तुम्हाला म्हटलं होतं, अंदाज धरू नका.”

“ते तुमी समद्यांनाच म्हणता.”

त्या माझ्या खोलीत आल्या. मला वाटलं काही बोलतील. खिरीचा डबा उचलला, चमचा उचलला, स्टुलावरचा त्यांचा स्टीलचा पेला पिशवीत टाकला. काचेपलीकडे पेटीत ठेवलेली दीड किलोची नात न बघता लिफ्टनं खाली गेल्या.

नितीन आला तो तिसऱ्या दिवशी. बाळाला बघितलं, हे त्याच्या नावावर लिहिते. काचेला हात लावून उभा राहिला. मग माझ्याकडे येऊन विचारलं, “तुला माहीत होतं?”

मी घरून पत्रकांची पिशवी मागवून घेतली होती. गठ्ठ्यातून पान काढून दिलं. त्यानं वाचलं. कोपरा फाटलेला पाहिला.

“यू चीटेड मी, प्रज्ञा.”

“पान तूच छापलं होतंस.”

“मी वरवर स्किम केलं होतं!”

“मुलगा नीट वाचलास. मुलगी स्किम केलीस.”

“मग बोलायचं ना! एवढी बोलतेस ना रस्त्यावर!”

मी त्याच्या हातातून पान घेतलं आणि पुन्हा घडी घातली. महिन्याभरात त्यानं ऑनसाइट घेतलं, अमेरिकेत. तो फोन करतो. पैसे पाठवतो. ‘ती’ कशी आहे विचारतो, नाव घेत नाही. नाव माझ्या आईनं ठेवलं.

मी त्या घरी फक्त कपडे आणायला गेले. माझ्या वाढदिवसाला विकत घेतलेले सहा कप होते, एकसारखे. त्यातला एक मागच्या दारी कुंडीजवळ पालथा पडला होता.

पांढरा कोट

सुजाता आता चार वर्षांची आहे. बेंबीखाली एक भोक आहे, तिथून लघवी झिरपते. पाच ऑपरेशनं झाली. दोन्ही मूत्रपिंडं मिळून एकाच्या अर्ध्याएवढं काम करतात, अजून करतात. कधी थांबतील, माहीत नाही. ती दांडगी आहे, शिव्या शिकलीय, आजोबांच्या टोप्या लपवते. आणि पांढरा कोट दिसला की आपणहून फ्रॉक वर करून पोट दाखवते. औषधाच्या दुकानातही करते. मागच्या आठवड्यात शाळेत एक पाहुणे आले होते पांढरा शर्ट घालून, त्यांच्यासमोरही केला. मुलं हसली. ती पण हसली, तिला वाटलं चांगलं काम केलं.

तिला जगवलं ते बरोबर केलं का? मला वाटलं होतं, हे लिहून होईपर्यंत उत्तर सापडेल. नाही सापडलं. तिच्या पोटावरची प्रत्येक खूण मला विचारते आणि तिचं हसणं उत्तर देऊ देत नाही. पण एक सापडलं. तिच्यावर अन्याय सुईनं केला नाही. तिच्यासाठी कोणीच सही केली नाही, हा अन्याय. एका मुलासाठी केलेली सही तिच्या अंगावर वापरली गेली, उसन्या कपड्यासारखी, आणि ती कोण आहे हे कळल्यावर कपडा काढून घेतला. खोटं बोलून मिळवलेली संमती ही संमती नव्हे, हे माझंच वाक्य आहे, माझ्याच पत्रकातलं. मी ते तिच्याच बाबतीत मोडलं. खरं बोलले असते तर ती नसती, असंही असेल. मला दोन्ही गोष्टींसकट जगायचंय.

काही शहाणे मला येऊन सांगतात, “बघा, कायदा नसता तर आधीच कळलं असतं.” कळून काय केलं असतंत, साहेब? सोमवारची वेळच घेतली असतीत ना? चहा प्या आणि निघा.

आता तुम्ही. हो, शेजारच्या खुर्चीतले तुम्ही: नवरा, सासू, सासरा, जो कोणी पेन हातात धरून बसलाय तो. पोटातल्या बाळावर कसलंही ऑपरेशन असो, सहीचा कागद समोर आला की आधी खोलीबाहेर जा आणि त्या बाईला डॉक्टरांसमोर एकटीला बसू द्या, तिला काय हवंय ते तिला तिच्या तोंडानं म्हणू द्या. ती ‘नको’ म्हणाली तर पेन परत करा आणि तिला घरी न्या, एक शब्द न बोलता. ती ‘हो’ म्हणाली तर आत या. आणि सहीच्या आधी, त्याच कागदावर, त्याच पेनानं, स्वतःच्या अक्षरात तीन शब्द लिहा: मुलगी असली तरी.

हात अडखळला तर सही करू नका. पेन खाली ठेवा, आणि का अडखळला ते तिला तिथेच सांगा, तिच्या पोटात सुई जायच्या आधी.